आटगावचा चौथा पाय

भगीरथने कुत्रीच्या तोंडाला पावडर लावायला डबा उघडला, तेव्हा गोजरबाईंनी पहिल्यांदा हरकत घेतली.

"भगीरथ, अरे कुत्री आहे ती."

"ते ठावं हाय बाई. पण नाक बघा कसं चकाकतंय तिचं."

"कुत्र्याचं नाक ओलंच असतं."

"असू द्या की. बघणाऱ्याला वाटंल, सर्दी झालीय. सर्दीवाली पोरगी कोण घेणार?"

बाई गप्प बसल्या. सातवीत हाच भगीरथ त्यांच्या वर्गात होता. चित्रकलेच्या तासाला त्याने गाईला पाच पाय काढले होते आणि विचारल्यावर "गाय चालतेय ना बाई, म्हणून एक जास्तीचा," असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हाही बाई गप्पच बसल्या होत्या. आता तो पन्नाशीला आला होता, शहापूरच्या बाजारपेठेत त्याचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता आणि छाती तेव्हाच्या दुप्पट झाली होती.

जागा होती आटगावजवळ, हायवेपासून हाकेच्या अंतरावरची चांगो शेतकऱ्याची शेड. शाळेतून निवृत्त झाल्यावर गोजरबाईंनी हायवेवर गाड्यांखाली सापडलेली, कुणी टाकून दिलेली जनावरं उचलून आणायला सुरुवात केली. चांगोने आपली रिकामी शेड दिली आणि तिचा आपोआप आसरा झाला. जनावर जिथे सापडलं त्या गावाचंच नाव बाई त्याला देत. हजेरीपटाची सवय असल्यामुळे त्यात त्यांचा कधी घोटाळा होत नसे. त्यामुळे तिथे गेलं की ऐकू यायचं, "आटगाव, खाली बस. खर्डी, भुंकू नकोस. वाशिंद, ती चप्पल सोड आधी." नवखा माणूस जरा वेळ लोकलच्या स्टेशनांची घोषणा समजून उभा राहायचा.

बाकीची जनावरं एकेक करून कुणी ना कुणी नेली होती. उरली होती चार कुत्री, आणि दसरा तोंडावर आला होता. दसऱ्यानंतर भातकापणी, कापणीनंतर पेंढा. चांगो वाईट माणूस नव्हता. "बाई, कुत्र्यांना माझी ना नाय," तो म्हणाला होता, "पण पेंढा काय डोक्यावर घेऊन फिरू?" त्याचंही खरंच होतं. बाईंची स्वतःची भाड्याची एक खोली, आणि घरमालक मांजरसुद्धा चालवून न घेणारा. दसऱ्यापर्यंत चौघांना घरं मिळाली नाहीत, तर ज्या हायवेवरून उचलली तिथेच त्यांना परत सोडायची पाळी येणार होती. या विचाराने बाईंचं जेवणखाण उडालं होतं.

म्हणून त्या बाजारात लावायला एखादा फोटो काढून घ्यावा या विचाराने स्टुडिओत आल्या, आणि भगीरथने त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

"एक कशाला? चौघांचे काढतो. पैशाचं नाव काढू नका, माझी सेवा समजा. आन बाई, एक सांगतो, भगीरथच्या फोटोला आजवर नकार आलेला नाय."

हे वाक्य तो कुणालाही सांगायचा. न्हाव्याला सांगायचा, भाजीवालीला सांगायचा, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचा. त्यात तथ्यही होतं. लग्न जमवायच्या आधी स्थळांकडे जो फोटो फिरतो, तो 'दाखवायचा फोटो' काढावा तर भगीरथनेच, असं डोळखांबपासून आसनगावपर्यंत लोक मानत. बुटकी मुलगी तो दोन विटांवर उभी करायचा आणि वरून साडीचा घोळ सोडायचा. मोठ्या कानाच्या मुलाला असा बाजूला वळवायचा की एक कान अंधारात जायचा. जाड भिंगाचा चष्मा "चमक येते" म्हणून काढून घ्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण त्याने कॅमेऱ्याच्या पिशवीवर लिहायची तेवढी ठेवली होती.

त्याच्या कलेचा पहिला पुरावा तो स्वतःच होता. चोविसाव्या वर्षीच त्याच्या डोक्यावरचे केस निरोप घेऊन गेले. तेव्हा तो दुसऱ्याच्या स्टुडिओत कामाला होता. लग्नासाठी फोटो द्यायची वेळ आली, तशी त्याने स्वतःच्या फोटोवर बारीक ब्रशने केस काढले, कपाळावर एक झुलूपही काढलं, आणि तो मुरबाडकडच्या एका स्थळाला पाठवला. होकार आला. लग्नात फेटा उतरला तेव्हा जनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, काय ते पाहिलं. पण ती तेव्हा काही बोलली नाही आणि इतक्या वर्षांत कधीच बोलली नाही. भगीरथ बाहेर टोपी घालून फिरायचा आणि बायकोचं ते मौन आपल्या कलेला मिळालेलं प्रशस्तिपत्रक समजायचा.

तर शेडमध्ये त्याने काश्मीरचा पडदा टांगला. मागे बर्फाचे डोंगर, मध्ये सरोवर. पुढे प्लास्टिकच्या गुलाबांची कुंडी. जना बिस्किटांचा पुडा घेऊन मदतीला उभी होती.

पहिला आला आटगाव. ट्रकखाली सापडून त्याचा पुढचा डावा पाय गेला होता. भगीरथने त्याला एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने पाहिलं, आणि कुंडी हातभर डावीकडे सरकवली. पाय नव्हता तिथे गुलाब आले. आटगाव असा काही रुबाबात बसला की जसा काही तो बागेतून फिरूनच आला होता.

खर्डीला उजवा डोळा नव्हता. तिला पावडर लावून डावीकडून घेतली. वाशिंदच्या पाठीवर कुण्या हॉटेलवाल्याने उकळतं तेल टाकलं होतं, त्यामुळे मानेपासून शेपटीपर्यंत केस नव्हते. त्याच्या पाठीवर स्टुडिओतली जरीकाठी शाल पांघरली. आपला सत्कार चाललाय असं वाटून तोही गंभीर झाला.

"अवो," जना हळूच म्हणाली, "घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळंलच ना?"

"घरी गेल्यावर जीव लागतो, जने. एकदा जीव लागला की कोण सोडतो?"

जनाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि वाशिंदला बिस्कीट दिलं.

शेवटी राहिला कसारा. घाटाच्या पायथ्याशी कुणीतरी गाडीतून उतरवून दिलेला, तांबूस रंगाचा, तरणाताठा. चार पाय, दोन डोळे, भरघोस शेपूट. भगीरथ त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि त्याचा उत्साहच गेला.

"ह्याला काय करायचं? हा हाय तसाच बरा हाय," असं म्हणून त्याने ना पडदा, ना कुंडी, रोल संपवायला म्हणून एक फोटो उडवला आणि सामान आवरलं.

रंगीत रोल धुवायला कल्याणला जायचे. आसनगावचा संदेश तिकडे कामाला होता, जाता-येता तोच रोल न्यायचा आणि फोटो आणून द्यायचा. या खेपेला पाकीट देताना तो रेंगाळला.

"काका, हा शालवाला कोणाचा हो? एकदम रॉयल वाटतो. आमी बंगला बांधलाय ना, गेटवर शोभंल."

"तुझाच समज," भगीरथ म्हणाला आणि जनाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

त्याने शोकेसमधल्या मधल्या ओळीतल्या नवऱ्या खाली काढल्या आणि तिथे चार कुत्री लावली. वर लिहिलं, 'योग्य घर पाहिजे'. बाजारचा दिवस होता. दुपारपर्यंत काचेपुढे गर्दी झाली. देवराम शेतकरी खळ्यावर राखणीला कुत्रं शोधतच होता, तो आटगाववर खूश झाला. हिराबाईंची दोन्ही मुलं दिवसभर कामावर, घर खायला उठायचं. त्यांना खर्डी आवडली. "तोंडावर कशी कळा हाय बघा," त्या म्हणाल्या. ती कळा पावडरची होती. कसाऱ्याच्या फोटोपुढे कुणी थांबलं नाही. शालीच्या आणि गुलाबांच्या शेजारी तो अगदीच साधा दिसत होता.

"बघायला कधी येऊ?" देवरामने विचारलं.

भगीरथ सावध झाला. त्याच्या धंद्यात बघण्याचा कार्यक्रम हाच मोठा धोका असे.

"बघायला कशाला? माणसं बघून कुत्रं बुजतं. दसऱ्याला घरपोच आणून देतो. मुहूर्त चांगला हाय."

बाईंना त्याने निरोप दिला, तिघांची जमली. बाईंनी विचारलं, "त्यांना सगळं नीट सांगितलंस ना?" त्यावर तो म्हणाला, "बोलणी माझ्यावर सोडा, बाई." बाईंनी सोडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या.

दसऱ्याची युक्ती तर भगीरथला स्वतःलाच फार आवडली. त्या दिवशी गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, अवजारांना घालतात, बैलांना घालतात. मग कुत्र्याच्या गळ्यात माळ पाहून कोण काय म्हणणार? त्याने आटगावच्या गळ्यात जमिनीला टेकेल अशी जाडजूड माळ घातली. पुढचे पाय किती आहेत हा प्रश्नच त्या फुलांत बुडाला. खर्डीला आंब्याच्या पानांचं तोरण डोक्यावरून तिरकं बांधलं, ते उजव्या डोळ्यावर आलं. वाशिंदच्या पाठीवर शाल, शालीवर फुलं. टेम्पोतून प्रत्येकाला उचलून दारात उतरवलं, बायकांनी ओवाळलं, हातात आपट्याची पानं दिली-घेतली, आणि भगीरथ "फुलं देवाची हायत, सुकंपर्यंत काढू नका" असं बजावून पुढच्या घरी गेला.

फुलं तिसऱ्या दिवशी सुकली.

त्या दिवशी सकाळी भगीरथ गणूशेठच्या धाकट्या मुलीचा, नम्रताचा, दाखवायचा फोटो काढत होता. नम्रता विटांवर उभी होती. गणूशेठ खुर्चीत बसून चहा पीत होते. एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"भगीरथ! बाहेर ये! ह्याचा चौथा पाय कुठंय?"

देवराम पायरीशी उभा होता. त्याच्या मागे आटगाव तीन पायांवर टणाटण उड्या मारत आला होता आणि ओळखीचा माणूस दिसताच शेपूट हलवत होता.

"कुठला पाय?" भगीरथने शांतपणे विचारलं.

"फोटोत व्हता तो!"

"फोटोत पाय व्हता? नीट बघ. फोटोत कुंडी व्हती."

"आन कुंडीमागं?"

"कुंडीमागं काय हाय ते कॅमेऱ्याला दिसत नाय. मी काय एक्स-रे काढतो?"

देवराम यावर उत्तर शोधतोय तोवर हिराबाई खर्डीला कडेवर घेऊन आल्या. "भगीरथ, मेल्या, हिला एक डोळा नाय! ताटली उजवीकडं ठेवली की सापडत नाय, सारखी भिंतीवर आपटते गरीब!" आणि त्यांचं संपायच्या आत रजा टाकून संदेश हजर. त्याच्या हातात घडी घातलेली शाल होती आणि पट्ट्याला वाशिंद.

"काका, शाल काढली तर आतून हा उघडाच निघाला! आई म्हणते, कातडीचा रोग हाय. मला घरात घेत नाय ती. ह्याला नाय, मला!"

"रोग नाय, भाजलंय ते."

"मग सांगायचं ना!"

खुर्चीतले गणूशेठ चहाचा कप खाली ठेवून उठले. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत चाललं होतं.

"थांबा, थांबा. आमच्या थोरल्या जावयाचा फोटो पण तूच काढलेला, भगीरथ. फोटोत चष्मा नव्हता. लग्नात हार घालताना माझ्या पोरीला सोडून करवलीच्या गळ्यात घालत व्हता!"

झालं. रस्त्यावरची माणसं थांबली होती ती जवळ आली. तालुक्यात भगीरथच्या फोटोवर लग्न झालेली माणसं काही कमी नव्हती, आणि प्रत्येकाच्या पोटात काहीतरी होतंच. कुणी म्हणालं, "माझी बायको फोटोत ताडमाड. घरी आल्यापासून फडताळावरचा डबा मीच काढून देतोय." मागून एक बाई म्हणाली, "आमचे हे फोटोत हसत व्हते. त्यानंतर आजतागायत हसले नायत." दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं एका म्हाताऱ्याने दोनदा सांगितलं. आत नम्रता कुणाला न सांगता खाली उतरली, आणि काश्मीरच्या सरोवराकाठी दोन विटा उघड्या पडल्या.

भगीरथ डगमगला नाही. "बोला की! पण मोडलं का कुणाचं लग्न? सांगा, कुणाचं मोडलं?"

"लग्नाचं ऱ्हाऊ दे," देवराम म्हणाला, "कुत्रं परत घे."

"आमचंबी घे."

"माझंपण."

गर्दी जरा बाजूला झाली, कारण गोजरबाई आल्या होत्या. त्यांच्या हातात पट्ट्याला कसारा होता. त्या सकाळीच चांगोने पेंढ्यासाठी शेड साफ करायला घेतली होती, म्हणून त्या कसाऱ्याला दोन दिवस स्टुडिओच्या ओसरीवर ठेवता येईल का, हे विचारायला आल्या होत्या. त्यांनी देवरामकडे पाहिलं, हिराबाईंकडे पाहिलं, वाशिंदच्या उघड्या पाठीकडे पाहिलं.

"भगीरथ," त्या म्हणाल्या, "तू यांना सांगितलं नव्हतंस?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर भगीरथला उत्तर सुचलं असतं.

"द्या," बाई लोकांकडे वळून म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "तुमची चूक नाही. मी बघते कुठेतरी."

कुठेतरी म्हणजे कुठे, हे भगीरथला ठाऊक होतं. हायवे तिथून फार लांब नव्हता. त्याने आटगावकडे पाहिलं. आटगाव देवरामच्या पायावर पाय टाकून बसला होता, होता तेवढाच पुढचा पाय.

तेव्हा आतला पडदा सरकवून जना बाहेर आली. तिच्या हातात आतल्या खोलीतल्या भिंतीवरचा एक चौकटीतला फोटो होता. तो तिने गर्दीपुढे धरला.

"हा कोण, वळखा."

लोकांनी माना पुढे काढल्या. "कोण तरी नाटकातला दिसतो," कुणीतरी म्हणालं. "झुलपं बघा त्याची."

"हा मला दाखवायला आणलेला," जना म्हणाली. "लग्नात फेटा उतरला तवा समद्यांनी पायलं, आत काय हाय ते. तुमचं तीन दिसात कळलं, माझं अक्षता पडल्यावर लगीच. मी परत दिलं का?"

मग मागे कुणीतरी खुसकन हसलं आणि सगळी बाजारपेठ हसायला लागली.

"अगो वैनी," देवराम डोळे पुसत म्हणाला, "दिलं असतंस, पण घेतलं असतं का कुणी?"

"तेच तर. आन ह्या मुक्यांनी सांगितलं नव्हतं, आमचा खोटा फोटो काढा म्हणून. राग आमच्या ह्यांच्यावर हाय ना? मग ह्यांच्यावर काढा. आटगावनं तुमचं काय वाईट केलं?"

देवराम मान खाजवायला लागला. "वाईट कसलं. आज पहाटं भातात डुकरं शिरली, तर ह्या तीन पायांवर बांधापातुर गेला बोंबलत. आमचं जुनं चार पायांचं कुत्रं खाटंखालनं निघालं नाय."

"मग?"

"मग काय मग? सांगितलं असतं तरी नेला असता ह्याला! सांगितलं नाय, येडा बनवलं, त्याचा राग हाय."

हिराबाईंनी खर्डीला अजून खाली ठेवलं नव्हतं. "मी तर ताटली आता डावीकडंच ठेवते," त्या पुटपुटल्या. "पण ह्याला चार शिव्या दिल्याबिगर कसं जाऊ?"

भगीरथने टोपी काढली. भर बाजारात, भर उन्हात, लग्नानंतर पहिल्यांदा. त्याचं डोकं लखलखलं. त्याने बाईंच्या पुढे जाऊन मान खाली घातली.

"चुकलं, बाई. पाचवा पाय काढला तवाच छडी मारायला पायजे व्हती तुमी."

"तेव्हा हसू आलं होतं रे मला," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तिथेच माझं चुकलं."

त्यानंतर जे झालं ते भगीरथच्या धंद्यात कधी झालं नव्हतं. देवराम म्हणाला, आलोय तर आता आटगावचा आहे तसा फोटो काढ, आन मला पण शेजारी घे. हिराबाई म्हणाल्या, माझ्या खर्डीचा समोरून काढ, पावडर लावशील तर बघ. संदेशने वाशिंदला पाठमोरा उभा केला, का तर तो फोटो डॉक्टरला दाखवून, रोग नाही हे तो आईसाठी लिहूनच आणणार होता. काश्मीरचा पडदा त्या दिवशी गुंडाळलेलाच राहिला. आणि सगळ्यांचं झाल्यावर नम्रता बापाला म्हणाली, "बाबा, माझापण. विटा नको." गणूशेठ काही बोलायला गेले, तोच तिने खुर्चीवरचं त्यांचं उपरणं त्यांच्या हातात देऊन त्यांना बाहेरची वाट दाखवली.

संध्याकाळी दुकान आवरताना भगीरथचा आत्मविश्वास हळूहळू जागेवर येत चालला होता. त्याने चौकटीतला तो जुना फोटो हातात घेतला, बाहीने काच पुसली.

"पण जने, एक सांगतो. चूक ते चूक. पण कला ती कला. तुझ्या बापानं होकार दिला तो हा फोटो बघूनच."

जना केर काढत होती. "नकार दिलेला," ती म्हणाली.

"काय?"

"फोटो बघून बाबा म्हणाला, एवढा देखणा पोरगा आपल्याकडं कशाला येतोय? काय तरी खोट असणार. पत्रिकेसंगट परत पाठवायला निघाला व्हता."

भगीरथ फोटो हातात धरून तसाच उभा राहिला. "मग?"

"मग मी सांगितलं, ह्या माणसाला मी पायलंय. म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजारात, तुमची टोपी वाऱ्यानं उडाली व्हती. बैलांच्या मधनं तिच्या मागं धावत व्हता तुमी. बैलानं टोपी तुडवली, लोक हसत व्हते, आन लोकांच्या परीस तुमीच जास्त हसत व्हता. डोक्यावर एक केस नव्हता. मी बाबाला म्हटलं, खोट ती एवढीच हाय, बाकी माणूस बरा हाय."

"आन मग?"

"बाबा म्हणाला, खोट कळली ना, मग हरकत नाय."

भगीरथने तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि थोड्या वेळाने जना चहा टाकायला आत गेली तेव्हा तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली. एवढं त्याने यापूर्वी कधी केलं नव्हतं.

नवे फोटो शोकेसमध्ये लागले. तीन पायांवर उभा आटगाव, समोर बघणारी एकाक्ष खर्डी, उघड्या पाठीचा वाशिंद, आणि शेवटी जुनाच कसारा, चार पायांचा, दोन डोळ्यांचा. आता घर हवं असलेला तो एकटाच उरला होता. भगीरथ निर्धास्त होता. इतका धडधाकट कुत्रा हातोहात जाईल, असं त्याने बाईंना सांगून टाकलं होतं.

लोक यायचे, फोटो बघायचे आणि मग ओसरीवर बांधलेल्या कसाऱ्याकडे वळायचे. कुणी त्याचे पाय मोजायचं. कुणी डोळ्यांपुढे बोट फिरवायचं. कुणी शेपूट ओढून बघायचं, खरी आहे ना. एकाने तर ओलं फडकं आणून पाठ पुसून पाहिली, रंग निघतो का.

"ह्याच्यात काय लपवलंय?" ते भगीरथला विचारायचे.

"देवाशपथ काय नाय!"

"तीन फोटोंत खोट दिसते, ह्याच्यात दिसत नाय. म्हंजे मोठी असणार," असं म्हणून लोक शहाणपणाने मान हलवायचे आणि पुढे जायचे. भगीरथ जितक्या शपथा घ्यायचा तितका त्यांचा संशय पक्का व्हायचा. बाईंना दिलेले दोन दिवस संपले, मग दिवाळी आली, मग दिवाळीही गेली. कसाऱ्याच्या पट्ट्याची दोरी जनाने कधीच सोडून टाकली होती. तो दिवसा पायरीवर बसायचा आणि संध्याकाळी भगीरथची टोपी तोंडात धरून त्याच्याबरोबर घरी जायचा.

पुढे पुष्कळ दिवसांनी मुरबाडकडचं एक गिऱ्हाईक मुलाचा दाखवायचा फोटो काढून घ्यायला आलं. कसाऱ्याला कुरवाळत त्याने कौतुकाने विचारलं, "कुत्रा झकास हाय हो. कुठून मिळवला?"

"मिळवला नाय," आतून जनाचा आवाज आला. "फोटो चांगला आला व्हता, म्हणून आमच्याकडंच ऱ्हायला."